बाटलीबंद पाणी : शुद्धता, छाप आणि आपली निवड

पालकसभेत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "गुरुजी, मुलांना पाणी कोणत्या कंपनीचे देता?" पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसता. तेव्हाचे पालक एवढेच विचारीत, की पाणी पुरते का आणि मे महिन्यात विहीर आटते का. प्रश्न बदलला याचा अर्थ आरोग्याविषयीची जाणीव वाढली, आणि ती स्वागतार्हच आहे. मात्र 'पाणी सुरक्षित आहे का' हा एक प्रश्न झाला आणि 'पाणी कोणत्या कंपनीचे' हा दुसरा. या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखासाठी विषय सुचवण्यास सांगितले, तेव्हा मी हाच विषय घेतला. इतिहासाच्या शिक्षकाने पाण्याच्या रसायनशास्त्रात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात पाणी हा विषय कधीच केवळ विज्ञानाच्या तासापुरता नव्हता.

महाडचे चवदार तळे आठवावे. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंच्या समुदायासह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. १०८ घागरी, दूध, दही, शेण, गोमूत्र आणि मंत्रपठण! ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत, ज्याच्या काठावर कपडे धुतले जात, ते माणसाच्या स्पर्शाने अशुद्ध झाले आणि शेण-गोमूत्र मिसळल्याने शुद्ध झाले, असे मानणारी ही शुद्धता होती. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. सत्याग्रहाच्या जवळजवळ सहा दशके आधी, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला होता.

ही उजळणी करण्याचे कारण असे, की 'शुद्ध' या शब्दाला आपल्या देशात दोन अर्थ आहेत. एक कोणी स्पर्श केला यावर ठरतो आणि दुसरा पाण्यात प्रत्यक्ष काय आहे यावर. दुसऱ्या अर्थाची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांमध्ये पात्र, चीवर यांच्यासोबत पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्रावण, समाविष्ट आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये हा त्यामागील मूळ हेतू. पण पाणी डोळ्यांनी पाहून, गाळून, मगच प्यावे ही शिस्त त्यातून संघात रुजली. कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांत खडक खोदून केलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. तत्कालीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. उपासक-उपासिकांनी ती दान दिल्याचे त्या लेखांत नोंदलेले आहे. पावसाचे पाणी पन्हळीवाटे आत यावे, पण गाळ आणि ऊन आत जाऊ नये, अशी त्यांची रचना असते. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चैत्यगृहाइतकाच वेळ या टाक्यांपाशी उभा करतो.

आता बाटलीकडे वळू. फेलिचे बिसलेरी या इटालियन गृहस्थाच्या नावाने चालणारा व्यवसाय १९६५ च्या सुमारास मुंबई-ठाणे परिसरात आला. काचेच्या बाटलीतील हे पाणी मोठ्या हॉटेलांत जाणाऱ्यांसाठी होते. पाणी विकत घेण्याची कल्पनाच त्या काळी हास्यास्पद वाटे. १९६९ मध्ये पार्ले समूहाच्या चौहान कुटुंबाने ती कंपनी विकत घेतली. पुढे प्लॅस्टिकची हलकी बाटली आली, १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली आणि शतक संपता संपता पेप्सीचे ॲक्वाफिना व कोका-कोलाचे किनले ही नावे दुकानांत दिसू लागली. रेल्वेने २००३ पासून 'रेल नीर' सुरू केले. त्याचा एक कारखाना आपल्या अंबरनाथलाही आहे. दरम्यान एक गमतीची गोष्ट घडली. एसटी स्थानकावर आपण "एक बिसलेरी द्या" म्हणतो आणि दुकानदार हाताला येईल ती बाटली पुढे करतो. तिच्यावर बिसलेरी लिहिले आहे की अन्य काही, हे घेणारा पाहत नाही आणि देणाराही सांगत नाही. छापाचे नाव इतके सर्वसामान्य झाले, की त्या नावाने मागणे म्हणजे छाप निवडणे राहिलेच नाही.

दुसरा असाच गैरसमज 'मिनरल वॉटर' या शब्दाचा. कायद्याच्या दृष्टीने बाटलीतील पाण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. नैसर्गिक खनिजयुक्त पाणी हे झऱ्यातून वा भूगर्भातील विशिष्ट स्रोतातून घेऊन, मूळ घटक न बदलता, तेथेच बाटलीत भरावे लागते. त्याचे मानक आयएस १३४२८. आपण प्रवासात घेतो ते बहुतेक सर्व पाणी या प्रकारात मोडत नाही. ते 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे प्रक्रिया केलेले साधे पाणी असते आणि त्याचे मानक आयएस १४५४३. बोअरचे, विहिरीचे किंवा नळाचे पाणी घ्यायचे, वाळूच्या गाळणीतून काढायचे, सक्रिय कोळशातून न्यायचे, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलून त्यातील क्षार कमी करायचे (यालाच आपण आरओ म्हणतो), अतिनील किरणांखालून न्यायचे आणि शेवटी ओझोन वायू सोडून बाटली बंद करायची, अशी ही साखळी असते. मोठ्या छापाचे पाणीही एका ठिकाणी तयार होत नाही. ते गावोगावच्या अनेक कारखान्यांत भरले जाते. नागपुरात घेतलेली आणि कोल्हापुरात घेतलेली बाटली एकाच नावाची असली, तरी त्यांच्या आत वेगवेगळ्या जमिनीखालचे पाणी असू शकते. म्हणून बाटलीवरील मोठ्या अक्षरांतील नावापेक्षा खाली बारीक अक्षरांत छापलेला कारखान्याचा पत्ता अधिक माहिती देतो.

या उद्योगावर सरकारी नियंत्रण किती, हाही प्रश्न पालक विचारतात. मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्याला भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. चिन्ह आले म्हणजे प्रश्न मिटला, असे सर्वांना वाटले. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरात विकल्या जाणाऱ्या ३० छापांच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली, आणि त्यातील बहुतेक नमुन्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारख्या कीटकनाशकांचे अंश आढळले. दिल्लीकडील नमुन्यांची अवस्था मुंबईकडील नमुन्यांहून वाईट होती. त्यात नामांकित छापही होते. कारण शोधू गेल्यास ते साधे होते. कारखाने शेतीच्या व औद्योगिक पट्ट्यातील भूजल उपसत होते आणि शेतात फवारलेले औषध पावसाबरोबर त्याच भूजलात मुरत होते. विशेष म्हणजे यांपैकी बऱ्याच कंपन्यांनी नियम मोडलाच नव्हता. तत्कालीन मानकात 'कीटकनाशक आढळता कामा नये' एवढेच म्हटले होते आणि तपासण्याची विहित पद्धत इतकी स्थूल होती, की तिला ते आढळतच नसे! गदारोळानंतर मानक बदलले. कोणत्याही एका कीटकनाशकाचे प्रमाण लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम आणि सर्वांचे मिळून ०.०००५ मिलिग्रॅम यापेक्षा अधिक नसावे, अशी आकड्यांत मर्यादा आली. त्याच वर्षी शीतपेयांबाबतही तसाच अहवाल आला आणि श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तिने २००४ मध्ये त्या संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य धरले. स्वतंत्र प्रयोगशाळा आणि धीट कार्यकर्ते यांच्यामुळे देशाचे मानक कसे बदलते, याचे हे उदाहरण मी दहावीच्या वर्गात नेहमी देतो.

अलीकडची स्थिती अशी, की ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएसआय चिन्हाची सक्ती उठवण्यात आली आणि नोव्हेंबरअखेर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी 'अतिजोखमीच्या अन्नपदार्थां'च्या वर्गात घातले. परवाना देण्यापूर्वी कारखान्याची पाहणी आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी असा त्याचा आशय आहे. त्यामुळे यापुढे एखाद्या बाटलीवर आयएसआय चिन्ह नसेल, तर केवळ तेवढ्यावरून ती बनावट ठरवता येणार नाही. पण चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख, किती काळात वापरावे तो अवधी, प्रमाण आणि कमाल किरकोळ किंमत यांतील काहीही नसेल, तर ती बाटली खाली ठेवावी. परवाना क्रमांक खरा की खोटा हे प्राधिकरणाच्या मोबाइल ॲपवर पाहता येते. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना ही तपासणी दोन मिनिटांत जमते. पालकांनी ती त्यांच्याकडूनच शिकून घ्यावी.

बनावटीचे प्रकार पाहिले तर हसू येते आणि चिंताही वाटते. प्रसिद्ध नावातील एक-दोन अक्षरांची अदलाबदल करायची, तोच हिरवा-निळा रंग, तीच अक्षरांची ठेवण ठेवायची आणि गर्दीच्या ठिकाणी, घाईत असलेल्या माणसाच्या हाती ती बाटली द्यायची. इंग्रजी अडखळत वाचणारा प्रवासी रंग पाहून वस्तू ओळखतो, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे अक्षरओळख अपुरी राहिल्याचा दंड येथेही गरिबालाच भरावा लागतो. याहून घातक प्रकार रिकाम्या बाटल्या गोळा करून पुन्हा भरण्याचा. झाकणाखालची कडी आधीच तुटलेली असणे, झाकण फिरवताना 'कट्' असा आवाज न येणे, बाटलीवर ओरखडे वा चुरगळल्याच्या खुणा असणे, बाटली उलटी करून दाबल्यास झाकणापाशी थेंब दिसणे, ही त्याची लक्षणे. पाणी पिऊन झाल्यावर बाटली चुरगाळून टाका, असे तिच्यावर छापलेले असते ते उगाच नाही. आपण अखंड टाकलेली बाटली उद्या आपल्याच हाती परत येऊ शकते.

तथापि माझ्या मते आपल्या लोकांना खरा धोका सीलबंद बाटलीपेक्षा थंड पाण्याच्या जारचा आहे. लग्न, साक्षगंध, नामकरण, जयंतीची मिरवणूक, दुकान, बँक, तहसील कचेरी, सर्वत्र हा जार पोहोचला आहे. लोक त्याला सरसकट 'फिल्टरचे पाणी' म्हणतात. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मेळाव्यासाठी जार पुरवणाऱ्याकडे मी परवाना मागितला. तो भला माणूस होता, खोटे बोलला नाही. म्हणाला, "सर, पाणी बोअरचंच आहे, आम्ही फक्त थंड करून देतो." वरचे झाकण केवळ दाबून बसवलेले, सील नाही, चिठ्ठी नाही, तारीख नाही. सीलबंद नसलेले हे पाणी 'पॅकेज्ड' या व्याख्येतच बसत नाही, असा युक्तिवाद करून हा व्यवसाय बराच काळ तपासणीपासून दूर राहत आला आहे. गारव्यामुळे पाण्याची चव दबते आणि ते स्वच्छ असल्याचा भास होतो. थंडीने जंतू मरत नाहीत, एवढे विज्ञान प्रत्येकाला ठाऊक हवे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गिलेन-बॅरे सिंड्रोमचा उद्रेक झाला. हातापायांतील बळ जाणारा, काही रुग्णांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागणारा हा विकार. राज्यातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. तो दूषित अन्न-पाण्यातून पसरतो. महापालिकेने त्या भागातील पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा नळाच्या पाण्याबरोबरच अनेक खासगी आरओ केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि ती केंद्रे बंद करण्यात आली. नळाचे पाणी नको म्हणून लोक ज्या केंद्रांवर पैसे मोजून रांगा लावीत होते, तीच ही केंद्रे.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. आरओच्या पडद्यातून बाहेर पडणारे पाणी त्या क्षणी बहुधा निर्जंतुक असते. परंतु त्यात क्लोरीन उरलेला नसतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक ठेवला जातो, तो पुढच्या प्रवासात पाण्याचा पहारेकरी म्हणून काम करतो. आरओ पाण्याला असा पहारेकरी नाही. ते धुतलेल्या पण नीट न वाळवलेल्या जारमध्ये भरले, तोटीला कोणाचा अस्वच्छ हात लागला, पडदा वेळेवर बदलला नाही, की त्यात जंतू निर्वेधपणे वाढतात. अतिनील किरणांचा परिणामही दिवा असेल तेथपर्यंतच. मानकानुसार २५० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय वा कोलिफॉर्म गटाचा एकही जिवाणू असता कामा नये. ही अट बाटली भरताना पाळली गेली असेल, पण उघडून दोन दिवस उशाशी ठेवलेल्या बाटलीला ती लागू होत नाही. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी.

आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. पाण्याचे दोष दोन प्रकारचे, जंतूंचे आणि क्षारांचे. त्यांचे उपाय वेगळे आहेत. जंतूंवर क्लोरीन आणि उकळणे हे स्वस्त व खात्रीचे उपाय. खळखळून उकळी येऊ द्यावी, मिनिटभर तशीच ठेवावी, पुरेसे होते. परंतु यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराईडमुळे दातांवर पिवळे पट्टे पडतात, हाडे वाकतात. तेथे पाणी उकळून काहीच साधत नाही. उलट वाफ निघून गेल्याने क्षारांचे प्रमाण किंचित वाढते. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर सर्वश्रुत आहे. अशा ठिकाणी आरओ खरोखर उपयोगाचा. फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असणे इष्ट मानले आहे, १.५ च्या पुढे ते मुळीच चालत नाही. नायट्रेट ४५ पर्यंत. एकूण विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. ज्या गावाचा टीडीएस मुळातच ३०० आहे, तेथे आरओ बसवणे म्हणजे उपयुक्त खनिजे काढून टाकणे आणि लिटरभर पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडणे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आरओच्या वापरावर बंदी आणण्याचे निर्देश सरकारला दिले होते, ते याच कारणाने.

या संदर्भात एका चलाखीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या वस्त्यांत तिला बरेच लोक फसले आहेत. यंत्र विकणारा घरी येतो, एका पेल्यात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आपल्या यंत्राचे पाणी घेतो आणि दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले विजेचे उपकरण बुडवतो. क्षणात नळाचे पाणी तांबूस-काळपट, गढूळ होते. यंत्राचे पाणी जवळपास तसेच राहते. "ताई, हे विष तुम्ही पोरांना पाजता!" असे तो म्हणतो आणि हप्त्यावर पंधरा हजारांचे यंत्र गळ्यात बांधतो. प्रत्यक्षात तो गढूळपणा पाण्यातला नसून कांडीतला असतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज वाहत नाही. त्याच 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर खाण्याचे मीठ टाकून उपकरण पुन्हा बुडवायला सांगावे, तेही तसेच काळवंडते. आमच्या विज्ञान शिक्षकांनी हा प्रयोग प्रदर्शनात करून दाखवला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन पालक मात्र गंभीर झाले. अंगारा-धुपारा नाकारणाऱ्या समाजाने विजेच्या कांडीचा हा नवा अंगाराही तपासून घ्यायला हवा.

प्लॅस्टिकचे काय, असे सुशिक्षित माजी विद्यार्थी विचारतात. २०१८ मध्ये नऊ देशांतील ११ छापांच्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यांत भारतातील बाटल्याही होत्या. त्यांपैकी ९३ टक्के बाटल्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी अधिक प्रगत पद्धतीने मोजले, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण आढळले. त्यांतील बहुतेक अतिसूक्ष्म होते. या कणांनी शरीराला नेमका किती अपाय होतो याचा निर्णय अद्याप झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात उपलब्ध पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आणि अधिक संशोधनाची मागणी केली. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली बाटली पिऊ नये, कारण उष्णतेने बाटलीतील अँटिमनीसारखे घटक पाण्यात अधिक उतरतात. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेल्या खोक्यांतील बाटली घेण्याचेही टाळावे. एकदाच वापरण्याची बाटली महिनोन्‌महिने शाळेत भरून आणणे हेही बरे नव्हे. स्टीलची बाटली एकदा घ्यावी, ती आतून घासता येते.

आता पैशांचा हिशेब. लिटरची बाटली २० रुपयांना धरू. आमच्या तालुक्यात वीस लिटरचा जार ३० रुपयांना, म्हणजे लिटरला दीड रुपया. एक माणूस रोज एक बाटली विकत घेऊ लागला, तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. शेतमजुरी करणाऱ्या आईच्या किती दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम आहे, ते ज्याचे त्याने मोजावे. वसतिगृहात ३०० मुले धरली आणि प्रत्येकास रोज तीन लिटर धरले, तर ९०० लिटर, म्हणजे बाटलीच्या दराने दिवसाला १८,००० रुपये. जे पालक 'कंपनीचेच पाणी द्या' असा आग्रह धरतात, त्यांच्यापुढे मी हा आकडा ठेवतो.

छापील किमतीबद्दलही हक्क ठाऊक असावा. दुकानदाराने 'थंड करण्याचे' म्हणून छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त मागणे बेकायदेशीर आहे. एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन किमती छापण्यासही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. बसून खाण्याच्या हॉटेलची गोष्ट मात्र वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निर्णय दिला, की हॉटेल केवळ बाटली विकत नाही, सेवाही देते, म्हणून तेथे छापील किमतीचे बंधन लागू नाही. रेल्वे फलाटावर ही सबब चालत नाही. रेल नीरची लिटरची बाटली अनेक वर्षे १५ रुपयांना होती, सप्टेंबर २०२५ पासून ती १४ रुपयांना झाली आहे. तो एक रुपया परत मागण्यात संकोच करू नये. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, जिल्ह्याचे वैधमापनशास्त्र कार्यालय आणि पाण्याच्या दर्जाबाबत अन्न व औषध प्रशासन अशी ठिकाणे आहेत. बाटली व पावती जपून ठेवावी. बाटली अर्धी पिऊन केलेली तक्रार टिकवणे कठीण जाते, म्हणून संशयास्पद बाटली न उघडता ठेवावी आणि तिचे छायाचित्र काढावे.

मग छाप निवडावा की नाही? प्रवासात, अनोळखी गावी, १४ ऑक्टोबरला नागपूरला वा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना लहान मूल सोबत असेल, तर अखंड सील असलेली, ताज्या तारखेची, पूर्ण पत्त्याची बाटली घ्यावी. तिच्यावरचे नाव प्रसिद्ध असो वा जिल्ह्यातील एखाद्या छोट्या परवानाधारक कारखान्याचे असो. मोठ्या कंपनीकडे स्वतःची प्रयोगशाळा असण्याची शक्यता अधिक, हे खरे. २००३ च्या तपासणीने नामांकितांनाही सोडले नव्हते, हेही तितकेच खरे. घरी आणि संस्थेत मात्र पैसा छापावर न घालवता तपासणीवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याचा अहवाल मागणे हा ग्रामस्थांचा अधिकार आहे. गावाला पाण्याच्या जोखमीनुसार हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले, ते ग्रामसभेत विचारावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तो नळ कोरडा राहू देऊन आपण जारवाल्याचे ग्राहक होत गेलो, तर सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्क आपण आपल्याच हाताने सोडला, असे होईल.

कार्यक्रमांतील एक प्रथा मला फार खटकते, ती येथेच नोंदवतो. व्यासपीठावरील पाहुण्यांसमोर सीलबंद बाटल्या मांडलेल्या असतात, समोरच्या पहिल्या दोन रांगांना पाण्याचे प्लॅस्टिक ग्लास मिळतात आणि मागे सतरंजीवर बसलेल्या आयाबाया टाकीच्या तोटीला ओंजळ लावतात. समतेवरचे भाषण सुरू असते आणि पाणी तीन दर्जांचे असते. टाकीचे पाणी सुरक्षित असेल तर पाहुण्यांनाही तेच द्यावे, नसेल तर ते कोणालाच देऊ नये. आपल्या विद्यालयाच्या कार्यक्रमांत गेली काही वर्षे सर्वांसाठी एकच पाणी आणि स्टीलचे पेले असतात. एक-दोन पाहुण्यांच्या कपाळावर आठी दिसली, बाकीच्यांनी कौतुक केले.

ते पाणी कसे असते हे पालकांना कळावे म्हणून सांगतो. आपला स्रोत बोअरचा आहे. वर्षातून एकदा त्याची रासायनिक आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा जैविक तपासणी शासकीय प्रयोगशाळेतून करून घेतली जाते. टीडीएस मर्यादेत असल्याने आरओ बसवलेला नाही. २० हजार लिटरच्या टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने १०० ग्रॅम टीसीएल पावडर बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन, वरचे पाणी टाकीत सोडले जाते आणि अर्धा तास थांबून मगच तोट्या उघडल्या जातात. पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते, अन्यथा तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. त्यानंतर शेवटच्या तोटीचे, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाकडील पाणी परीक्षानळीत घेऊन आठवी-नववीची दोन मुले ओटी चाचणी करतात. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन पोहोचला. रंग आला नाही तर त्या दिवशी घंटा होऊन पाणी थांबवले जाते आणि पुन्हा मात्रा दिली जाते. टाकी दर पंधरा दिवसांनी रिकामी करून घासली जाते. तिची तारीख टाकीच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली आहे. चाचणीची वही कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी असते. ती मुलांच्या हस्ताक्षरात आहे, रोजची आहे, आणि भेटीच्या रविवारी कोणत्याही पालकाने मागितली तर दाखवली जाते.